सतरावी वेळ

"ऑपरेशननंतर खांदा पुन्हा कधी निखळला होता का?" फोनवरच्या मुलीने विचारलं आणि तो "नाही" म्हणाला.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तो उभा होता. समोर उंच खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम, एक डोळा काळ्या झाकणाने बंद. "दोन मिनिटं हं," असं त्यांना सांगून त्याने फोन घेतला होता. ज्या हॉस्पिटलात तेरा वर्षांपूर्वी त्याच्या खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिथून ही मुलगी बोलत होती. त्या काळात ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना गाठून, इतक्या वर्षांनी त्यांचे खांदे कसे आहेत ते विचारायचं काम तिच्याकडे होतं. पलीकडे तिने एक कळ दाबल्याचा आवाज त्याला ऐकू आला. 'नाही' जागेवर जाऊन बसलं. "छान," ती म्हणाली. मग उंचावरची वस्तू काढता येते का, त्या कुशीवर झोपता येतं का, आणखी कसलं कसलं. त्याने काहीतरी उत्तरं दिली. शेवटी तिने विचारलं, शनिवारी येऊ शकाल का, एक एक्स-रे आणि डॉक्टर हात हलवून बघतील. तो हो म्हणाला. फोन ठेवून त्याने सवयीने एक भिंग काढलं, दुसरं सरकवलं. "हे बरं की हे?" बाई पुटपुटल्या, "दोन्ही सारखंच वाटतंय हो." एरवी तो म्हणायचा, घाई नाही, पुन्हा बघा. आज तो भिंग हातात धरून नुसता उभा राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

कारण फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. सगळ्या घराला ते माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी सोळा वेळा आणि नंतर एकदा. ती सतरावी वेळ पाच वर्षांपूर्वीची, आईवडिलांच्या घरी, बाथरूममध्ये, वडिलांना उठवताना. नातेवाईक तशीच गोष्ट सांगायचे. बिचाऱ्याचा खांदा नेमका तेव्हाच दगा देऊन गेला. त्यानेही ती इतक्यांदा सांगितली होती की सांगताना त्याचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर जायचा. आणि एका अनोळखी मुलीने सरळ विचारल्यावर, काही विचार करायच्या आत, तोंडातून भलतंच आलं. की भलतं नव्हतं? घरी जाताना बसमध्ये डाव्या हाताने दांडा धरून (गेली वीस वर्षं तो डाव्यानेच धरायचा) त्याने मनातल्या मनात तोच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारून पाहिला, त्या मुलीच्याच आवाजात. पहिल्यांदा 'हो' आलं. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. त्याचा थांबा मागे गेला.

पहिल्यांदा निखळला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजच्या व्हॉलीबॉल मैदानावर उडी मारून चेंडू हाणायला हात वर नेला आणि हात वरच राहिला. कपाटाचा खण ओढावा आणि तो सगळाच्या सगळा बाहेर येऊन हातात यावा, तसं वाटलं होतं. आधी ती पोकळी, दुखणं नंतर. मग ते होतच राहिलं. सहाव्यांदा झोपेत, नवव्यांदा कोटाच्या बाहीत हात घालताना, अकराव्यांदा तर नुसती शिंक आली म्हणून. पोरांनी त्याचं नावच 'निखळ' ठेवलं. निखळ आनंद, निखळ सत्य, तसा हा नुसताच निखळ. वडील म्हणायचे, याला शिंकायचं असलं की दोन माणसं धरायला हवीत. वडील पाणीपुरवठ्याच्या खात्यात फिटर होते. जन्मभर पाइप जोडले, गळके सांधे आवळले. तिसऱ्या वेळी दवाखान्यात डॉक्टर खांदा बसवताना त्यांनी एवढं टक लावून पाहिलं की चौथ्या वेळी घरीच म्हणाले, आण इकडे. जमिनीवर आडवं करायचे, मनगट धरायचे, आणि अजिबात ओढायचे नाहीत. "श्वास सोड. हात मला देऊन टाक. तुझा नाहीच तो, असं समज." आणि आत कुठेतरी टक्क व्हायचं. असा सात वेळा त्यांनी त्याचा खांदा जागेवर आणला होता. सत्ताविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. तीन बारीक भोकं पाडून, सांध्याच्या कडेची फाटलेली झालर हाडाला टाचून टाकली, असं सर्जनने सांगितल्यावर वडिलांनी आतले टाके कशाचे, गंजत नाहीत ना, याची खोदून खोदून चौकशी केली. पुढचे सहा आठवडे हात झोळीत होता. वडील रोज सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं लावायचे. त्यांच्या जाड बोटांना ती बारीक बटणं सापडायची नाहीत, तरी तो दुसऱ्या हाताने मदत करायला गेला की म्हणायचे, राहू दे.

तो बाथरूममधला रविवार त्याला पाठ होता असं त्याला वाटायचं. वडिलांची डावी बाजू लुळी पडून वर्ष झालं होतं. आईवडिलांजवळ थोरली बहीण राहायची, त्यांचं सगळं तीच करायची. रविवारची अंघोळ तेवढी त्याच्याकडे. प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल, ओल्या फरशा, आरशावर वाफ. वडील त्या वर्षात फार चिडके झाले होते. पाणी गरम आहे, पाणी गार आहे, साबण डोळ्यांत गेला. त्या दिवशी म्हणाले, "तुला जमत नसेल तर तिला बोलव. तिला जमतं." त्याने हाक मारली, "ताई, जरा येतेस?" बाहेरून ताईचा आवाज आला, "आले, एक मिनिट." ती ऑफिसच्या कुणाशी फोनवर बोलत होती. तो थांबला नाही. उजवा हात त्यांच्या काखेत घातला, डावा कमरेला, आणि उचललं. वडील अर्धे उभे राहिले. त्यांची हनुवटी त्याच्या खांद्यात रुतली, ओल्या दाढीचे खुंट टोचले. आणि मग? मग ते खाली होते. फरशीवर बसलेले, एका बाजूला कललेले, चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही, फक्त नवल. आणि तो भिंतीला टेकून, डाव्या हाताने उजवा खांदा गच्च धरून. ताई धावत दारात आली. तिने आधी वडिलांकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "निखळला?"

त्याने मान हलवली होती.

पाच वर्षांत हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. शब्द तिचा होता. त्याने फक्त मान हलवली होती. नंतरच्या धावपळीत त्याच्या खांद्याकडे बघायला कुणाला सवड होती? वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आपोआप बसला. ते अगदीच खोटं वाटण्यासारखं नव्हतं, शेवटच्या काही वेळा तसं झालंही होतं. पाच आठवडे वडील हॉस्पिटलात होते. मग छातीत कफ झाला आणि संपलं. त्यांना शेवटचं उचलायची वेळ आली तेव्हा तो पुढे झाला. ताईने त्याच्या दंडाला धरून मागे केलं, "तू नको," म्हणाली आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहिली. तिच्या खांद्यावरून वडील गेले. तो मागून रिकाम्या हातांनी चालत राहिला.

आता तो त्या अर्ध्या क्षणात परत परत जाऊ लागला. दुकानात, जेवताना, दात घासताना. हनुवटी रुतली इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, खण बाहेर येण्याची ती ओळखीची पोकळी. दुसरी म्हणजे एक शब्द. 'पुरे.' डोक्यात कुणीतरी अगदी शांतपणे म्हटलं होतं, पुरे. हे त्याला आत्ता आठवत होतं की आत्ता सुचत होतं? आणि आधी काय झालं, खांदा सरकला आणि मग पुरे, की आधी पुरे आणि मग हात उघडला? की खांदा सरकलाच नव्हता, नुसता सरकेल असं वाटलं? तो जितक्यांदा आत डोकावून बघे तितक्यांदा दोन्ही गोष्टी सारख्याच ठळक होत जात. बुधवारपर्यंत तर तिसरी निघाली. वडीलच घसरले, फरशी ओली होती. ही सगळ्यात सोयीची होती, म्हणून त्याने ती लगेच टाकून दिली. मग वाटलं, सोयीची आहे म्हणून खोटी कशी?

गुरुवारी संध्याकाळी बायको भांडी धूत होती, तो पुसत होता. तो म्हणाला, "हॉस्पिटलच्या मुलीला मी सांगितलं की पुन्हा निखळला नाही."

"मग कळव परत. चुकून सांगितलं म्हणावं."

"चुकून नाही सांगितलं."

तिने नळ बंद केला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, एखादा पत्ता आठवत असल्यासारखी. मग म्हणाली, "ताईंना काही बोलू नकोस. त्यांनी कसंबसं मिटवून ठेवलंय."

"काय मिटवून ठेवलंय?"

"हेच. तू हाक मारलीस आणि त्या फोन सोडून आल्या नाहीत. अधू खांद्याच्या माणसाला एकटं सोडलं, असं म्हणतात त्या. तुला ठाऊक नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दोन वर्षं झाली. तुला सांगू नको म्हणाल्या, उगीच तुला वाईट वाटेल."

हातातली ताटली कोरडी झाली होती तरी तो पुसत राहिला. ताईने मध्यंतरी ऑफिसची नोकरी सोडली होती आणि ती घरून काम करायची. कोर्टातल्या साक्षी कानाला लावून ऐकायच्या आणि टाइप करून द्यायच्या. आईचे पाय आता उभं राहायला तयार नसत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर, दिवसातून आठ-दहा वेळा ताई तिला एकटी उचलायची. तो तिकडे गेला आणि पुढे सरकला की दोघी एकदमच म्हणायच्या, तू नको. तो तिथे पाहुण्यासारखा बसून चहा प्यायचा. हे सगळं ताईचा स्वभावच तसा म्हणून चाललंय, असं तो समजून चालला होता. की तसं समजणं त्याला बरं पडत होतं?

शनिवारी तो हॉस्पिटलात गेला. जुने सर्जन निवृत्त झाले होते. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी त्याचा हात पुढे, मागे, आत, बाहेर फिरवला. मग त्याला आडवं करून कोपर बाजूला नेलं आणि हात हळूहळू मागे वळवत नेला, चेंडू फेकायच्या आधी जातो तसा. त्या खांद्याकडे बघतच नव्हत्या, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. एका ठिकाणी त्याचं सगळं अंग ताठ झालं आणि डाव्या हाताने त्याने त्यांचं मनगट पकडलं.

"दुखलं?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही. सॉरी."

"सॉरी कशाला? हेच बघायचं असतं." त्यांनी त्याचा हात पोटावर आणून ठेवला. "सांधा पक्का आहे तुमचा. ऑपरेशन छान टिकलंय. हात बाहेरच्या बाजूला थोडा कमी वळतो, कडेला जराशी झीज आहे, इतक्या वर्षांनी ती बऱ्याच जणांत दिसते. पण तुमचा त्याच्यावर भरवसा नाही."

त्याने एक्स-रेकडे बघत विचारलं, "मध्ये एकदा निखळून आपोआप बसला असेल, तर यात कळेल?"

"हा खड्डा दिसतोय का, हाडाच्या गोळ्याच्या मागे? निखळताना हाडावर हाड आदळून होतो. तुमचा ऑपरेशनच्या आधीपासूनच आहे. तो सोळा वेळांचा की सतरा, हे हाड सांगत नाही." मग त्यांनी कागदाकडे पाहिलं. "पण तुम्ही 'नाही' सांगितलंय. निखळला होता का?"

"नुसतं निखळेल असं वाटून हात सुटू शकतो?"

"सुटतो की. ज्याचा सोळा वेळा निखळलाय त्याचा तर विचार करायच्या आधी सुटेल." त्या पेन हातात धरून थांबल्या. "मग काय लिहू?"

"मला आठवत नाही," तो म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं.

हॉस्पिटलच्या लांब बोळातून चालताना त्याला एकदम हलकं वाटलं. विचार करायच्या आधी. म्हणजे तो तिथे नव्हताच, हातच होता. बोळ संपून जिना लागेपर्यंत ते टिकलं. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की हात सुटू शकतो एवढंच बाई म्हणाल्या होत्या. तो तसाच सुटला होता, हे त्या कुठून सांगणार? आणि 'पुरे' होतंच. ते विचार होतं की विचाराच्या आधीचं? पण जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबून त्याने एक गोष्ट मात्र धरून ठेवली. बाथरूममधलं त्याला माहीत नसेल. पण दारात ताईने विचारलं, तेव्हाही त्याला माहीत नव्हतं. तरी त्याने मान हलवली होती. तिथे कसलाही गोंधळ नव्हता. तो घराकडे न जाता ताईकडे गेला.

ताईने दार उघडलं. गळ्यात हेडफोन, केस वर बांधलेले. आई आतल्या खोलीत झोपली होती. "आज कसा काय तू? ये. चहा टाकते."

"चहा नको. बस ना जरा."

"काय झालं? खांदा दाखवायला जाणार होतास ना? काय म्हणाले?"

"पक्का आहे म्हणाले." तो उभाच राहिला. "ताई, बाबा पडले त्या दिवशी माझा खांदा निखळला नव्हता. बहुतेक."

ताई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. कदाचित सरकला असेल. कदाचित मी घाबरलो. कदाचित मला कंटाळा आला होता गं त्यांचा, आणि मी सोडलं. मी आठवडाभर तेच बघतोय, मला दिसत नाही. पण तू विचारलंस, निखळला का, तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि मी हो म्हटलं. एवढं नक्की."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिंक-पिंक आवाज बराच वेळ येत राहिला. मग ती खुर्चीत बसली आणि टेबलावरच्या वायरी उगीचच गुंडाळू लागली.

"तुला माहितेय का," ती म्हणाली, "लोकांच्या साक्षी ऐकते मी दिवसभर. मध्येच माझाच आवाज येतो. आले, एक मिनिट. आले, एक मिनिट. मग मागे नेऊन परत ऐकावं लागतं, साक्षीदार काय म्हणाला ते."

"तुझा काही दोष नव्हता त्यात."

"होता की नव्हता ते तू नको सांगूस!" तिचा आवाज एकदम चढला आणि आतल्या दाराकडे बघून खाली आला. "तुला असं तरी सांगता येत होतं की खांदा ठीक आहे. नंतर. महिन्याने, वर्षाने. मी आईला एकटी उचलते रे. माझी पाठ गेली. पट्टा बांधते मी आतून, तुला दिसत नाही. का? तर तुझा खांदा. कुणी विचारलं तर मीच सांगते, त्याला नका सांगू, त्याचा खांदा..." तो पुढे सरकला तेव्हा तिने हात वर केला. "आता जा तू. आत्ता नको."

रविवारी काहीच नाही. त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. आपण तिला मोकळं केलं की आपल्यावरचं तिच्यावर टाकलं, हे त्याला ठरवता येईना. बायको रागावली नाही, पण दिवसभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताईचा मेसेज आला. 'सोम, बुध, शुक्र. सकाळी साडेसहा.' बस, एवढंच.

सोमवारी तो सहा पंचविसालाच दारात होता. ताईने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. आई पलंगाच्या कडेला बसलेली होती. पाय खाली सोडलेले, सुजलेले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. खुर्ची तीन फुटांवर होती. त्याने वाकून उजवा हात आईच्या काखेत घातला आणि त्याला आपल्या हृदयाचे ठोके खांद्यात ऐकू येऊ लागले. ताई दाराला टेकून हाताची घडी घालून उभी होती. ती पुढे आली नाही.

"कोण?" आईने विचारलं. चष्मा नसला की तिला जवळचंही दिसत नसे. तो नंबर त्यानेच काढला होता.

"मी."

"तू नको रे. तुझा खांदा..."

"त्याचा खांदा चांगला आहे," ताई दारातून म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

त्याने उचललं. आई वर आली, तिचं सगळं ओझं त्याच्यावर आलं, आणि नेमक्या त्याच जागी ती भीती पाठीतून सरसरत वर चढली, हात उघडू बघणारी. आता काय आधी येईल याची तो वाट बघत राहिला. काहीच आलं नाही. किंवा भीती आली आणि हात तसाच राहिला. हे कसं झालं तेही त्याला कळलं नाही. "अरे, थांबलास काय? वळ की," आई त्याच्या कानाशी म्हणाली. तो वळला. आई खुर्चीत बसली. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

बुधवारीही ताई बोलली नाही. शुक्रवारीही नाही. पुढच्या आठवड्यात ती दारात उभी राहायची थांबली, बाहेरच्या खोलीत टाइप करत बसायची. तिच्या बोटांचा आवाज मात्र आईला उचलायच्या वेळी थांबायचा, आणि आई खुर्चीत टेकली की पुन्हा सुरू व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो आईला बसवून मागे सरकला तर ताई दारात होती. पायांत बूट होते, चालायला जाताना घालायचे. नवे असावेत, नाडीची गाठ तिला धड जमली नव्हती.

"उशी राहिली मागची," ती त्याला म्हणाली.

त्याने उशी सरकवली. तोवर ती गेली होती. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला, मग जिन्यातली पावलं, एका लयीत, कुठेही न थांबता खाली जाणारी. त्या घरात, आईपाशी तो असा एकटा किती वर्षांनी होता? त्याला आठवेना. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याने ते गुडघ्यांवर ठेवले, मग काढले.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काय आता? केस," आई म्हणाली. "फणी खिडकीत आहे. आणि मुळापासून नको ओढूस, खालून सुरुवात कर."